तिसऱ्या हाकेला रिक्षा सुटते

दिवसभर वालीवच्या एका गाळ्यात लेथ चालवतो, संध्याकाळी तबल्यावर बसतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या आवारातल्या गणपतीपुढे शास्त्रीय गायन ठेवलं. विलंबित ख्याल सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच निम्म्या खुर्च्या रिकाम्या. गाणं वाईट नव्हतं, माणसंही अरसिक नव्हती. दाद कुठे द्यायची हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. भलत्या जागी 'वा' गेली तर लोक वळून बघतील, ही धास्ती.

पुढच्या वर्षी गाण्याआधी मी दहा मिनिटं मागून घेतली. शेअर रिक्षावाला ओरडतो तसं तोंडाने म्हणत तबल्यावर वाजवलं: 'वसई स्टेशन, वसई स्टेशन, वसई स्टेशन!' तिसऱ्या हाकेला रिक्षा सुटते, ती सम. तीनतालाच्या 16 मात्रांत ही तिहाई दोनदा नेमकी समेवर आणली. तिसऱ्यांदा मुद्दाम एक मात्रा आधीच संपवली. मागून पॉवर प्रेसवरचा एक मुलगा ओरडला, "अहो, रिक्षा आधीच सुटली!" सगळं आवार हसलं. तालाचं नाव न ऐकलेल्या माणसाला सम हुकलेली कळली होती! विनोदातही असंच असतं. ऐकणाऱ्याला वाट बघायला लावायची आणि मग नेमक्या क्षणी पोचायचं.

आपल्याकडे हसणं आणि गाणं असं एकत्र येणं जुनंच आहे. 1916 साली देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' रंगभूमीवर आलं. फाल्गुनरावाच्या संशयाला हसायला आलेला प्रेक्षक त्याच तिकिटात दरबारी कानडा ऐकून घरी गेला. पु. ल. देशपांडे वसंतराव देशपांड्यांना पेटीची साथ करत. हसवणारा माणूस स्वतः सुरात बसलेला होता.

म्हणूनच गवयाच्या हातवाऱ्यांची नक्कल करून हशा मिळवणारे निवेदक मला सहन होत नाहीत. त्या हशाने श्रोता गाण्याच्या जवळ येत नाही, गवयाकडे बघून हसायला तेवढा शिकतो. हसणं गाण्यातूनच निघावं आणि तंबोरे जुळले की थांबावं. आयोजकांनी शाल-श्रीफळातली दहा मिनिटं यासाठी द्यावीत, एवढंच माझं मागणं आहे.

त्या रात्री यमन संपेपर्यंत बहुतेक जण बसून होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तोच प्रेसवाला डबा बाजूला ठेवून माझ्याकडे आला. "नवव्या मात्रेला टाळी का नाही देत?" त्याने विचारलं. ती खाली, टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा. आम्ही तिथेच हाताने ताल धरला, आणि भोंगा होईपर्यंत त्याची खाली एकदाही चुकली नाही.