भाजी सेंद्रिय, पण सातबारा कोणाचा?

पुण्यात हल्ली 'सेंद्रिय' या शब्दाला मोठा भाव आला आहे. कोथरूड-बाणेरच्या सोसायट्यांत विषमुक्त भाजीच्या पेट्या येतात. 2016 साली सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि त्याच वर्षी संत शिरोमणी सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडी बाजार अभियान निघाले. शेतकऱ्याने अडत्याला टाळून थेट गिऱ्हाइकाला माल विकावा, याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न एवढाच, की या बाजारात 'शेतकरी' म्हणून उभे राहण्याचा अधिकार कोणाला आहे?

माती आणि पाणी राखण्याचा विचार या शहराला कोणा परदेशी संस्थेने शिकवलेला नाही. बांधबंदिस्ती करून पावसाचे पाणी शेतात जिरवा, जुनी तळी-तलाव दुरुस्त करा, हे महात्मा जोतीराव फुल्यांनी 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लिहून ठेवले आहे. गावची गायराने जंगल खात्याने गिळली म्हणून त्याच ग्रंथात त्यांनी सरकारला धारेवर धरले. पुण्याच्या मंडईवर पैसा उधळायला नगरपालिकेत त्यांनी विरोध केला होता. त्याच मंडईला पुढे त्यांचे नाव दिले गेले! नाव देणे नेहमीच स्वस्त पडते.

आज सेंद्रिय प्रमाणपत्र हवे तर जमिनीचे कागद लागतात. पीएम-किसानचा हप्ता हवा तर जमीन नावावर लागते. 2025 पासून राज्यातील शेती योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तोही जमिनीच्या नोंदीवरूनच मिळतो. मराठवाड्यात गायरान कसणारी आमची मायबहीण या सगळ्याच्या बाहेर राहते. कापसावर फवारणी होते, हे आम्ही लपवत नाही. पण तिच्या बाजरीला, मटकीला रासायनिक खत पडत नाही ते कोणत्या चळवळीमुळे नव्हे, तर पोत्याला पैसे नसतात म्हणून. तिच मटकी प्रमाणपत्रवाल्याने पिकवली, की पुण्यात दुप्पट दराने खपते.

तिच्या जमिनीचे काय झाले? 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीन दलित-आदिवासींची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय सरकारने 28 नोव्हेंबर 1991 रोजी काढला. कित्येकांचे अर्ज अजून तहसीलात धूळ खात आहेत. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्यास सांगितले, पण सरकारी अधिसूचनेने भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या जमिनींचा अपवादही त्याच निकालात ठेवला. 2022 साली उच्च न्यायालयात विषय निघताच नोटिसा निघाल्या, तेव्हा हा अपवाद किती अधिकाऱ्यांना आठवला? गुरांच्या चराईचे कारण पुढे केले जाते. मग सौर कृषी वाहिनीसाठी गायरान देताना गुरे कुठे जातात?

बाबासाहेबांनी 1918 सालच्या निबंधात दाखवून दिले, की तुकडा लहान आहे एवढाच शेतीचा रोग नाही. भांडवल नाही आणि रिकामे हात शेतीवरच पडून आहेत, हा खरा रोग. 1947 साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी जमीन राज्याच्या मालकीची करून जातीभेद न पाळता गावकऱ्यांनी ती सामुदायिक पद्धतीने कसावी, असे मांडले. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 च्या भूमिहीन सत्याग्रहात लोकांनी तुरुंग भरले. त्यांच्या नावाची सबळीकरण योजना 2004 पासून आहे; चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. पण योजनेच्या दरमर्यादेत हवेली-मुळशीत जमीन विकायला कोण तयार होणार?

1972 च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या भूमिहीनांनी पुण्याच्या झोपडपट्ट्या भरल्या. त्यांच्याच लेकी-सुना आज या शहराचा कचरा वेगळा करतात, आणि त्यातल्या ओल्या कचऱ्याचे खत होते. ते खत कोणाच्या शेतात जाते, हेही पुणेकरांनी एकदा विचारावे.

आठवडी बाजारात महापालिकेने आणि पणन मंडळाने गायरानधारक, बटाईदार व भूमिहीन महिलांच्या गटांसाठी गाळे राखून ठेवावेत. सातबाऱ्याऐवजी ग्रामसभेचा दाखला चालवून घ्यावा. आणि 1991 च्या निर्णयाखालील अर्ज निकाली निघेपर्यंत एकाही कसणाऱ्याला गायरानावरून उठवू नये.