कृषी विद्यापीठे वाचवायची, पण कुणासाठी?

गेल्या मे महिन्यात आमच्या बचत गटातल्या अकरा जणी सोयाबीनचे बियाणे आणायला तालुक्याच्या गावी एका सरकारी कृषी मेळाव्याला गेल्या. मीही बरोबर होते. बियाण्याच्या टेबलावरच्या माणसाने सातबारा मागितला. अकरा जणींपैकी दोघींच्याच नावावर जमीन, त्यातली एक विधवा. बाकीच्यांना त्याने सांगितले, “मालकांना घेऊन या. आणि पलीकडच्या मंडपात लोणची-पापडाचे प्रशिक्षण आहे, तिकडे बसा.”

परत येताना जीपमध्ये एक मावशी म्हणाल्या, “बी निवडायचं आपण, पेरायचं आपण, खुरपायचं आपण. अन् इकत घ्यायला मालक!” दुसरी म्हणाली, “त्यापरीस दुकानदार बरा. तो सातबारा इचारत नाही, वर उधारीही देतो.”

मैत्रिणींनो, हे दुसरे वाक्य मला जास्त बोचले. कारण सरकारी कृषी विद्यापीठांचे पुढे काय होणार, हा प्रश्न त्यात दडलेला आहे. ज्या संस्थेने बाईला कधी शेतकरी मानलेच नाही, ती संस्था मोडायला लागली तर बाईने का रडावे?

तरीही माझे म्हणणे असे आहे की ही विद्यापीठे मोडणे आपल्याला परवडणारे नाही.

महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे चार कृषी विद्यापीठे आहेत. १९६८ ते १९७२ या काळात ती उभी राहिली, जनतेच्या पैशातून आणि जनतेच्या जमिनीवर. आज तिथे अनेक पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत. खासगी विनाअनुदानित कृषी महाविद्यालयांची संख्या सरकारी महाविद्यालयांच्या कितीतरी पुढे गेली आहे. बियाणे, खत, औषध आणि आता धान्याची खरेदीसुद्धा कंपन्यांच्या हातात चालली आहे. वर्गात मुली मोठ्या संख्येने दिसतात ही आनंदाची गोष्ट, पण त्या शिकतात ते शास्त्र कुणाच्या गरजेचे, हे कोण ठरवते?

दुकानदाराच्या उधारीचा अर्थ आपल्याला कळतो. सुगीला माल त्याच्याच दारात न्यावा लागतो, भाव तो म्हणेल तो. पण त्याच्या मागे बियाण्याचेच एक राजकारण आहे. कपाशी पाहा. व्यापारी तत्त्वावर लावलेले जगातले पहिले संकरित कापूस वाण, एच-४, १९७० साली गुजरातेत सुरतच्या सरकारी संशोधन केंद्रात तयार झाले. संकरित बी दर वर्षी नवे घ्यावे लागते, घरचे ठेवून चालत नाही. २००२ मध्ये बीटी कपाशी आली ती संकरित वाणांतूनच, आणि खासगी कंपन्यांमार्फत. घरचे बी ठेवता येईल असे सरळ वाण मागे पडले. घरातली बियाण्याची उतरंड गेली, आणि तिच्याबरोबर बाईचा शब्दही गेला.

म्हणजे सरकारी संशोधनही निर्दोष नव्हते. संकरित बी तयार करायचे तर संध्याकाळी प्रत्येक कळीतले पुंकेसर हाताने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परागीकरण करायचे. हे काम केले बायांनी आणि शाळा सोडलेल्या मुलींनी. त्यांच्या बोटांचा हिशेब वाणाच्या यशोगाथेत कुणी मांडला नाही.

आता सोयाबीन पाहा. हे सरळ वाणाचे पीक. एकदा चांगले बी मिळाले की पुढची दोन-तीन वर्षे घरचे बी वापरता येते. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचे आणि सत्तर किंवा जास्त उगवले तर बी पेरणीला योग्य. ही तपासणी आमच्या गटातली अक्षर न ओळखणारी बाईसुद्धा करते. असे बी पैदा करण्यात कंपनीला फारसा रस नसतो, कारण गिऱ्हाईक दर वर्षी परत येत नाही. सोयाबीनचे नावाजलेले वाण जबलपूर, परभणी, राहुरी अशा सरकारी विद्यापीठांतूनच आले ते याचमुळे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. पण राखण्याजोगे बीच कुणी तयार केले नाही तर तो हक्क कागदावरच राहणार.

तिसरे उदाहरण ज्वारीचे. परभणी विद्यापीठाने हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त जास्त असलेले वाण दिले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा राज्यात हे वाण घराघरात पोचायला हवे होते. पण रेशनवर मिळतात मुख्यतः गहू-तांदूळ, आणि शेतात सोयाबीन. संशोधन झाले, पण ते बाईच्या ताटापर्यंत आणण्याची जबाबदारी कुणाचीच नाही.

याचे मूळ विद्यापीठाच्या आतल्या श्रमविभागणीत आहे. बी, माती, पाणी हे विषय ‘शेती’चे, म्हणजे पुरुषांचे. स्त्रियांसाठी वेगळे गृहविज्ञान. आता त्याचे नाव सामुदायिक विज्ञान झाले आहे. त्या विभागात स्त्रियांचे कष्ट कमी करणाऱ्या अवजारांवर चांगले काम झाले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण स्त्रीचा प्रश्न एका इमारतीत कोंडला गेला. वाण निवडताना हेक्टरी किती क्विंटल एवढे विचारले जाते. खुरपणीचे किती दिवस वाढतील, वेचणीला कंबर किती मोडेल, कडबा किती निघेल, भाकरी नीट थापता येईल का, हे कोण विचारते?

आपल्या चळवळीचीही चूक आहे. आपण पोलीस ठाण्यात गेलो, कोर्टात गेलो, दारूच्या दुकानावर मोर्चे नेले. कृषी विद्यापीठाच्या फाटकातून किती वेळा आत गेलो? मी समाजकार्याचे शिक्षण घेत असताना क्षेत्रकार्याला दवाखाना होता, वस्ती होती, पण कृषी विज्ञान केंद्र नव्हते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. त्यांचा आपल्याला अभिमान आहेच. पण एका बाईचा सत्कार करून बाकीच्या लाखो जणींकडे सातबारा मागायचा, हे चालू देता कामा नये.

म्हणून ‘विद्यापीठे वाचवा’ एवढी मागणी पुरणार नाही. रिकामी पदे भरा, पण त्याबरोबर बियाण्यासाठी सातबाऱ्याची अट काढा, गटाचा ठराव किंवा ग्रामसभेचा दाखला चालू द्या. राखता येतील अशा सरळ वाणांवर संशोधन वाढवा आणि ते बी महिला गटांमार्फत पैदा करा. नव्या वाणाची चाचणी कसणाऱ्या बायांच्या शेतावर घ्या आणि पसंती-नापसंती त्यांना विचारा. कार्यकारी परिषदेवर कसणाऱ्या, मजुरी करणाऱ्या स्त्रियांना जागा द्या.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष ठरवले आहे. भाषणे होतील, शाली दिल्या जातील. आपण मात्र दहा-दहा जणींनी मिळून जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा संशोधन केंद्रावर जाऊ या आणि विचारू या: आमच्यासाठी काय संशोधन चालू आहे? ते ठरवताना कुणाला विचारले? आमच्या नावावर जमीन नाही म्हणून आम्ही शेतकरी नाही का?

आमचा गट पेरणीआधी पुन्हा जाणार आहे. या वेळी पापडाच्या मंडपात बसणार नाही. तुमच्या भागात काय उत्तर मिळते, ते जरूर कळवा.