गट कुणी ठरवायचा?

आमच्या घरात सध्या चाललेला वाद नातेवाइकांपैकी बहुतेकांच्या कानावर गेलेला आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. दौंडच्या ताईच्या मुलीला शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं आहे. वय 24, नोकरी करते, तीन वर्षं नेमाने जिमला जाते, फी स्वतःच्या पगारातून भरते. 'उतरायचं की नाही' हा वाद दिवाळीतच संपला. ती उतरणार आहे. आता नवा वाद आहे तो 'कुठल्या गटात?' हा.

ताईचं म्हणणं, ज्यात मसल कमी लागतात तो गट घे, पुढे लग्नाचं बघायचं आहे. भाऊजींचं म्हणणं, ज्यात जरा अंगभर कपडे असतील तो घे. जिमच्या सरांचं म्हणणं, ज्यात मुली कमी येतात तो घे, मेडल हमखास. तीन माणसं, तीन पट्ट्या, आणि गंमत म्हणजे एकही पट्टी त्या मुलीच्या अंगाला लावून बघितलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हे गट काय आहेत ते बघू. मलाही दोन महिन्यांपूर्वी काही माहीत नव्हतं. बॉडीबिल्डिंग म्हणजे तेल लावून दंड फुगवणारे पुरुष, एवढीच माझी कल्पना. पण बायकांमध्ये यात बरेच प्रकार आहेत. 'बिकिनी' या गटात मसल अगदी बेताचे, बांधा प्रमाणशीर, उंच टाचांचे बूट आणि चालण्या-वळण्याची ऐट. 'फिगर'मध्ये खांदे रुंद, पाठ पसरट, कंबर बारीक असा इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार हवा, तिथेही टाचांचे बूट. 'वेलनेस' हा ब्राझीलमधून आलेला गट, त्यात मांड्या आणि नितंब भरदार हवेत. 'फिजिक'मध्ये मसल चांगले दिसायला हवेत, अनवाणी उभं राहून पोझ द्यायच्या. आणि शेवटी 'बॉडीबिल्डिंग', जिथे जास्तीत जास्त मसल. आपल्याकडे संघटना अनेक, त्यामुळे नावंही बदलतात. काही ठिकाणी 'मॉडेल फिजिक', 'अ‍ॅथलेटिक फिजिक', 'स्पोर्ट्स फिजिक' अशा पायऱ्या असतात. बहुतेक गटांत पुढची विभागणी उंचीवर होते, बॉडीबिल्डिंगमध्ये वजनावर.

आता भाऊजींचा मुद्दा आधी घेते, कारण तो सगळ्यात सोपा आहे. भाऊजी, तुम्ही शोधताय तो गट अस्तित्वातच नाही! वरच्या सगळ्या गटांत बायकांचा पोशाख दोन तुकड्यांचाच असतो. कारण साधं आहे, परीक्षकांना शरीर बघायचं असतं. कट थोडा इकडेतिकडे, चमक कमीजास्त, एवढाच फरक. (पुरुषांचं मात्र वेगळं आहे बरं का. त्यांच्या 'मेन्स फिजिक' गटात गुडघ्यापर्यंतची चड्डी चालते. म्हणजे पुरुषाने सौम्य गट निवडला की मांड्या झाकायची सोय, बाईने निवडला तर तीही नाही.) तेव्हा कपड्यावरून गट ठरवणं हे मीठ बघून साखर निवडण्यासारखं आहे.

शिवाय कपड्याने प्रश्न सुटतो का? शिरूरहून तुमच्याकडे येताना आम्ही न्हावऱ्यावरून चौफुल्याला निघतो. चौफुल्याची कला केंद्रं आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. तिथे स्टेजवर उभी राहणारी बाई नऊवारीत नखशिखांत झाकलेली असते. म्हणून तिला कुणी मानाने वागवलं का? उलट मार्च 2023 मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी झाली, तिथे अंगाला घट्ट बसणाऱ्या कुस्तीच्या पोशाखात मुली लढल्या. सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं, भाऊजी, तुम्हीसुद्धा! कापड किती आहे यावर मान ठरत नाही, बघणारा काय समजून बघतो यावर ठरतो. मुलीला स्वतःला तो पोशाख नको असेल तर गोष्ट वेगळी. मग पॉवरलिफ्टिंग आहे, वेटलिफ्टिंग आहे, तिथे ताकद मोजतात. पण हे तिने म्हणायला हवं, आणि ती तसं म्हणत नाहीये.

आता ताईचा मुद्दा. 'फार पुरुषी दिसायला नको.' ताई, तुला वाटेल ही दौंडच्या रेल्वे कॉलनीतली काळजी आहे. अगं, हीच काळजी अमेरिकेतल्या परीक्षकांना चाळीस वर्षं झोपू देत नाहीये! मिस ऑलिंपिया ही यातली सगळ्यात मोठी स्पर्धा 1980 साली सुरू झाली, पहिली विजेती रेचल मॅकलिश. 1983 मध्ये लास वेगासला एक स्पर्धा झाली, तिच्यावर 1985 साली 'पंपिंग आयर्न 2' हा माहितीपटही आला. त्यात ऑस्ट्रेलियाची बेव्ह फ्रान्सिस उतरली होती, मूळची पॉवरलिफ्टर. तिच्याइतके मसल स्टेजवर कुणाचेच नव्हते. स्पर्धा मसलची आणि सर्वात जास्त मसलवाली आठवी आली! कारण परीक्षकांचंच ठरत नव्हतं की बाईला किती मसल शोभतात. 1991 ला तीच बेव्ह फ्रान्सिस मिस ऑलिंपियात लेंडा मरेकडून फक्त एका गुणाने हरली. पुढे 2005 साठी तर आंतरराष्ट्रीय संघटनेने फतवा काढला की बायकांनी मसल वीस टक्क्यांनी कमी करावेत. कशाच्या वीस टक्के आणि मोजायचे कसे, ते तेच जाणोत.

हे सगळं वाचल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढे गट का झाले. फिगर ऑलिंपिया 2003 ला, बिकिनी 2010 ला, फिजिक 2013 ला, वेलनेस 2021 ला. 'बाईने किती बलदंड व्हावं' या प्रश्नाचं एक उत्तर मिळेना म्हणून दरवेळी एक नवा खण केला. फिजिक गटात तर पोझ देताना मूठ आवळायची नाही, पंजा उघडा ठेवायचा. बॉडीबिल्डिंगमध्ये मूठ चालते. मला हे वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. दंड दाखव, पण बुक्की मारशील असं दाखवू नको!

तेव्हा ताई, 'पुरुषी' म्हणजे किती हे जिथे त्या परीक्षकांना चार दशकांत ठरवता आलं नाही, तिथे तू आणि येणारं स्थळ मिळून ठरवाल असं मला वाटत नाही. आणि मसल काही पावसाळ्यातल्या गवतासारखे आपोआप उगवत नाहीत. वर्षानुवर्षं घासल्यावर थोडेसे येतात, सोडले की उतरतात. 'कमी मसलचा गट' म्हणजे सोपा गट असंही नाही. भूक तिथेही मारावी लागते.

जिमच्या सरांचा मुद्दा वरवर व्यवहारी वाटतो. कमी मुली, जास्त चान्स. गावोगावच्या 'श्री' स्पर्धांत बायकांचा गट बहुधा नसतोच, असला तर चार-पाच जणी. पण रिकामा खण बघून उडी मारली की तिथलं काम करावं लागतं. फिजिकचं शरीर हे फिगरचं शरीर नव्हे, त्यासाठी वेगळे किलो, वेगळी वर्षं लागतात. आणि गटांचा भरवसा काय? खुद्द मिस ऑलिंपिया 2014 नंतर बंद पडली आणि 2020 ला परत सुरू झाली. मधली वर्षं ज्यांनी फक्त त्या एका किताबासाठी शरीर घडवलं त्यांनी काय करायचं?

कुस्तीवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. विनेश फोगट टोकियोला 53 किलोत खेळली होती. पॅरिसच्या वेळी त्या गटातली जागा अंतिम पंघालकडे होती, म्हणून विनेश 50 किलोत उतरली. 7 ऑगस्ट 2024 ला, फायनलच्या सकाळी, 100 ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद झाली. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही. तिच्यापुढे दुसरा रस्ता फारसा नव्हता, तिला दोष देण्याचा प्रश्नच नाही. पण मोकळी जागा आहे म्हणून आपल्या अंगाला न बसणाऱ्या गटात शिरण्याची किंमत काय असते, ते त्या दिवशी सगळ्या देशाने बघितलं.

मग गट ठरवायचा कसा? माझं मत सांगते.

पहिली गोष्ट हाडं. खांदे किती रुंद, कमरेचा घेर कसा, वजन आधी वर चढतं की मांड्यांवर, हे जन्मतः मिळतं. मसल वाढवता येतात, हाडांची चौकट बदलता येत नाही. आमची पोरगी आजीवर गेली आहे. (आजीला ओळखणाऱ्यांना सांगायला नको. दोन हंडे डोक्यावर आणि एक कमरेवर, आणि तोंडाने बोलणं चालूच!) रुंद खांदे, कंबर बारीक. तिला बिकिनी गटात घालायचं म्हणजे वर्षभर खांद्यांचा व्यायाम चोरून करायचा. कशाला? फिगर हा गट तिच्यासाठी बसून शिवल्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट उरलेले दिवस. स्टेजवरचं ते कोरीव शरीर वर्षातले मोजके दिवस टिकतं. बाकीचं वर्ष तिने नोकरीला जायचं आहे, शटल पकडायची आहे, भाकरी खायची आहे. ज्या गटासाठी लागणारं वजन ती आनंदाने अंगावर वागवू शकेल, तो तिचा गट.

तिसरी गोष्ट, आधी जाऊन बघणं. ज्या संघटनेची स्पर्धा खेळायची, तिचे नियम वाचायचे आणि तिचे परीक्षक कुणाला नंबर देतात ते समोर बसून बघायचं. नावावर जाऊ नये, एकाचं 'फिजिक' दुसऱ्याच्या 'फिजिक'सारखं नसतं.

आणि हे आपल्याकडे होत नाही असं नाही. पुण्यातच राष्ट्रीय विषाणू संस्थेत काम करणारी दीपिका चौधरी फिगर गटात खेळून आयएफबीबी प्रो झाली, असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. प्रयोगशाळेतली नोकरी सांभाळून! मुंबईची श्वेता राठोड मूळची इंजिनिअर, 2015 साली उझबेकिस्तानला आशियाई स्पर्धेत फिटनेस फिजिकमध्ये रौप्यपदक घेऊन आली. दोघींचे गट वेगळे, कारण दोघी वेगळ्या.

घरच्यांनी काहीच विचारू नये असं मी म्हणत नाही. विचारा, पण जे विचारायला हवं ते विचारा. पाळी वेळेवर येते का? चरबी फार खाली नेली की पाळी थांबते, आणि ती महिनोन् महिने थांबली तर हाडं ठिसूळ होतात. रक्त किती आहे? 2019-21 च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. आपल्या घरातल्या किती जणींनी तपासलंय? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणी इंजेक्शन किंवा गोळी सुचवली का? पुरुषी संप्रेरकांची औषधं घेऊन बाईचा आवाज एकदा घोगरा झाला की औषध बंद केलं तरी तो पूर्ववत होत नाही. ताई, तुझ्या मनातली 'पुरुषी' होण्याची भीती खरी आहे ती इथे. ती गटाच्या नावात नाही, त्या बाटलीत आहे. एखाद्या गटात बाटलीशिवाय टिकता येणार नाही असं दिसलं, तर तो गट तिचा नाही, मग तिथे एकही मुलगी नसली तरी. जिमच्या सरांना हा प्रश्न भाऊजींनी समोर बसून विचारावा. कपड्यांबद्दल विचारण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

मला राहून राहून वाटतं ते असं. दौंडच्या मैदानावर पहाटे भरतीची तयारी करणाऱ्या मुली धावतात. पोलिस भरतीत मुलींना 800 मीटर धावावं लागतं, गोळा फेकावा लागतो. त्यांच्या पोटऱ्या, त्यांचे खांदे यांबद्दल कुणी 'पुरुषी' म्हणत नाही, कारण शेवटी नोकरी आहे. शरीर कामाला लागणार असेल तर बाईने ते कमावलेलं चालतं. ऊस तोडायला चालतं, हंडे वाहायला चालतं. स्वतःच्या आवडीसाठी कमावलं की मात्र गट कुठला, कपडे किती, लग्नाचं काय हे सगळे प्रश्न उभे राहतात. खरी अडचण ही आहे, आणि ती फिगर की बिकिनी यावरून सुटणार नाही.

असो. फार लांबलं. माझं मत फिगरच्या बाजूने, पण त्याला एका मावशीच्या मताइतकीच किंमत आहे. फॉर्म तिने भरायचा, गटाच्या रकान्यात तिनेच लिहायचं. पहिल्या वर्षी नाही जमलं तर पुढच्या वर्षी गट बदलता येतो, त्यात कमीपणा काही नाही. आपल्यापैकी कुणाच्या घरात कुणी या स्पर्धा खेळलं असेल तर जरूर लिहा, तिला वाचून दाखवीन. आणि ताई, फोन करून रागावण्याआधी हे एकदा पूर्ण वाच!