बेगडी मुकुट

१९ जुलै २०२४ रोजी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लंडनहून आलेली वाघनखे लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयाने ती काही काळापुरती महाराष्ट्राला दिली होती. गावोगावच्या शाळांतील मुले तेथे रांगा लावून गेली. काचेआड ठेवलेली ती पोलादी नखे पाहताना प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहत असे: प्रतापगडाच्या पायथ्याशी १६५९ साली महाराजांच्या हाती होती, तीच ही काय? वाघनखांच्या पेटीवरील लेख सांगतो की, साताऱ्यास रेसिडेंट असताना जेम्स ग्रँट डफ यांना ती भेट मिळाली. परंतु महाराजांनी वापरलेली नखे हीच, असे सिद्ध करता येत नाही, हे लंडनच्या संग्रहालयाने स्वतःच नमूद करून ठेवले आहे. ज्याने ही वस्तू जपली त्यानेच ही शंकाही लिहून ठेवावी, यात त्याचा मोठेपणाच दिसतो.

आता असे समजा की, त्याच दालनात शेजारी दुसरी एक काचपेटी आहे आणि तिच्यातही वाघनखेच आहेत. ती मात्र एखाद्या जुन्या ऐतिहासिक चित्रपटासाठी घडविलेली आहेत. नखे लाकडाची, वर रुपेरी रंग, टोके मुद्दाम बोथट केलेली. कारण समोरच्या नटाला ओरखडासुद्धा उठता कामा नये. या पेटीपुढे किती मुले थांबतील? बहुतेक जण म्हणतील, "ही तर खोटी आहेत!" आणि पुढे जातील. येथेच थोडी चूक होते. ही नखे युद्धाची म्हणून खोटी आहेत, हे खरे. पण चित्रपटाची म्हणून ती पूर्णपणे खरी आहेत. हजारो प्रेक्षकांनी ज्यांच्याकडे श्वास रोखून पाहिले ती हीच, याबद्दल कोणाला शंका घेण्याचे कारण नाही.

नाटकाची व चित्रपटाची आभूषणे, मुखवटे, शस्त्रे आणि वस्त्रे ही अडगळ आहे की ठेवा, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार महाराष्ट्रात कोणत्या गावाला असेल, तर तो सांगलीला आहे. १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळी आपले खेळ घेऊन सांगलीला आली. ते खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भावे या तरुणाला तसाच खेळ मराठीत रचण्यास सांगितले. १८४३ साली 'सीतास्वयंवर' सांगलीत रंगले. ५ नोव्हेंबर हा दिवस त्याच आठवणीने मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. त्या खेळांत संवाद थोडे व अद्भुत फार. प्रथम सूत्रधार गाई, मग गणपती येई, मोरावर आरूढ झालेली सरस्वती नाचत येई. आणि पुढे राक्षस असे काही ओरडत येत की, मागाहून शहाण्या झालेल्या लोकांनी त्या नाटकांना 'अललडुर्र' असे नाव ठेवून त्यांची थट्टा केली. थट्टा करणाऱ्यांनी केवळ आरोळी ऐकली. सोंडेचा गणपती घडविणारे, मोर सजविणारे आणि राक्षसाचे भयानक तोंड रंगविणारे हात त्यांना दिसले नाहीत.

हे हात काय करीत असत, ते पाहण्यासारखे आहे. मुकुट सोन्याचा करून चालत नाही. तो जड होईल, नटाची मान अवघडेल, आणि खर्च तर विचारूच नका. म्हणून रद्दी कागद भिजवून त्याचा लगदा करावयाचा, तो खळीत मळावयाचा, साच्यावर थापून वाळवावयाचा आणि वर सोनेरी बेगड चिकटवावयाची. असा मुकुट हातात घेतला तर पोह्यांच्या डब्याएवढाही जड लागत नाही. पण दिव्यांच्या उजेडात, शेवटच्या रांगेतून पाहणाऱ्याला तो लंकाधिपतीचाच भासतो. गदा पोकळ असावी लागते, परंतु ती उचलताना नटाने कण्हावे लागते. ढाल ठरलेल्या क्षणीच फुटली पाहिजे, आधी नाही. सोनाराला व लोहाराला जे कधी शिकावे लागत नाही, ते या कारागिराला शिकावे लागते: वस्तू काय आहे यापेक्षा ती दुरून काय दिसेल, हे ओळखणे.

चित्रपट आला तेव्हा हे काम आणखी अवघड झाले, कारण कॅमेऱ्याचा डोळा माणसाच्या डोळ्यासारखा नव्हता. मूकपटाच्या काळातील पुष्कळशा फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तांबडे वस्त्र पडद्यावर काळे उमटे आणि निळे वस्त्र फिकट, पांढुरके दिसे. त्यामुळे वेशभूषा करणाऱ्याने कापड निवडताना त्याच्या सौंदर्याला भुलून चालत नसे. पडद्यावर त्याची छटा कशी उतरेल, हा हिशेब मनात करावा लागे. त्या काळातील एखादे वस्त्र आज काचपेटीत पाहिले, तर पडद्यावर ज्याची कल्पनाही आली नव्हती असा रंग समोर येतो. हा आनंद चित्रपट कितीही वेळा पाहून मिळणार नाही. त्यासाठी ती वस्तूच पाहावी लागते.

सांगलीच्या शेजारी कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांनी १९२० साली 'सैरंध्री' हा मूकपट काढला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की, ते कापावे लागले. खोट्या वस्तूने खऱ्या अधिकाऱ्यांना भिववावे, याहून कारागिराला मोठे प्रशस्तिपत्र कोणते? याच बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेल्या दामले आणि फत्तेलाल यांनी पुढे 'प्रभात'मध्ये १९३६ साली 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. त्यात तुकोबांना वैकुंठाला नेण्यासाठी विमान येते. पडद्यापुढे बसलेल्या कित्येक प्रेक्षकांनी ते विमान पाहून हात जोडले असतील. ते मनुष्यानेच घडविलेले आहे हे त्यांना माहीत नव्हते काय? माहीत होते, तरीही हात जोडले जातात.

खुद्द सांगलीतही चित्रपट तयार झाला होता. मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या बळवंत पिक्चर्सने १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' काढला. श्रीकृष्ण व अर्जुन यांनाच एकमेकांसमोर उभे करणारी ती कथा असल्यामुळे धनुष्ये, रथ, किरीट, कवचे यांचा केवढा पसारा जमवावा लागला असेल! या उद्योगात दीनानाथांना मोठी खोट आली. कंपनी बुडते तेव्हा प्रथम काय विकले जाते? जे पुन्हा कामी येईल ते. आणि जे कामी येणार नाही, म्हणजे लगद्याचे मुकुट व रंगविलेले रथ, ते कोणी विकतही घेत नाही. ते पावसात भिजतात.

अशा वस्तू नाहीशा होतात त्या या कारणाने. त्या टिकण्यासाठी केलेल्याच नसतात. पोलादी तलवार तीनशे वर्षे भिंतीवर टांगून राहील, पण लगद्याचा मुखवटा एका रात्रीच्या ओलीने विरघळतो. आणि कृष्णाकाठच्या सांगलीला ओल काय करू शकते, हे २००५ व २०१९ च्या महापुरांनंतर वेगळे सांगावयास नको. जरीच्या शेल्यातील जर काढून विकण्याची रीतही जुनीच. शिवाय मंडळी एका नाटकातील अंगरखा उसवून दुसऱ्या नाटकासाठी शिवीत, ही काटकसर त्यांच्या दृष्टीने योग्यच होती. जेथे चित्रपटच टिकले नाहीत, तेथे त्यांतील सामान कोठून टिकणार? भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतील फारच थोडे उरले आहेत. दादासाहेब फाळके यांचा १९१९ सालचा 'कालियामर्दन' आज पाहावयास मिळतो, कारण १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडील तुकडे मिळवून जुळविले. त्यात फाळक्यांची कन्या मंदाकिनी कृष्ण झाली आहे. तो कालिया, ज्याच्या फणांवर ती चिमुकली नाचली, तो मात्र आता केवळ पडद्यावरच दिसावयाचा.

यावर काही विचारी माणसे असा आक्षेप घेतात की, संग्रहालयाचा पैसा व जागा मर्यादित असते; ताम्रपट, नाणी व शिल्पे यांनाच जेथे दालने अपुरी पडतात तेथे सोंगांचे सामान कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सातारा जिल्ह्यातील औंधला राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली जे संग्रहालय उभारले, तेथे जाऊन पाहिले म्हणजे चित्रे व मूर्ती जपण्यास किती निगा लागते ते कळते. परंतु शंभर वर्षांपूर्वीचा ताम्रपट आणखी शंभर वर्षे थांबू शकतो. शंभर वर्षांपूर्वीचा लगद्याचा मुकुट थांबत नाही. जे आधी नष्ट होणार, त्याची काळजी आधी घ्यावी, एवढेच येथे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप मुलांचाच असतो आणि तो अधिक अवघड आहे. राक्षस कागदाचा होता हे एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे गंमत निघून जाते, असे ते म्हणतात. काही मुलांच्या बाबतीत असे घडतेही. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पुष्कळदा उलटच होते. अमेरिकेत १९३९ साली 'विझर्ड ऑफ ऑझ' नावाचा परीकथेसारखा चित्रपट निघाला. त्यातील डोरोथी नावाच्या मुलीच्या पायांत जादूचे तांबडे, चमचमते बूट असतात. मूळ पुस्तकात ते रुपेरी होते. रंगीत पडद्यावर खुलून दिसावेत म्हणून ते तांबडे केले. त्या बुटांचे अनेक जोड तयार केले होते, आणि चित्रपट संपल्यावर ते कोठारात धूळ खात पडले. १९७० साली कंपनीचे सामान लिलावात निघाले, तेव्हा एक जोड पंधरा हजार डॉलरला गेला. पुढे वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक जोड आला. तेथे जवळून पाहणाऱ्याला दिसते की, बुटांच्या तळव्याला लोकरीच्या कापडाची पट्टी चिकटविलेली आहे. कशासाठी? नाचताना पावलांचा आवाज होऊ नये यासाठी! ही पट्टी पाहून जादू कमी होते की वाढते, ते ज्याचे त्याने ठरवावे. याच बुटांचा आणखी एक जोड २००५ साली एका लहान संग्रहालयातून चोरीस गेला व २०१८ साली सापडला. तपासणीसाठी दोन्ही जोड शेजारी ठेवले, तेव्हा लक्षात आले की, एका जोडातील डावा व दुसऱ्यातील उजवा यांची कधीतरी अदलाबदल झाली होती. कोठारातील कोणाच्या तरी घाईचा हा पुरावा इतकी वर्षे कोणालाच दिसला नव्हता. चोरीस गेलेला तो जोड २०२४ च्या डिसेंबरात लिलावात कोट्यवधी डॉलरना विकला गेला. किंमत वाढली म्हणून वस्तू थोर ठरत नाही, हे खरेच. पण कोठारातील धुळीत ती ओळखणारे कोणीतरी होते, म्हणूनच हे सारे पुढे घडले.

महाराष्ट्रातही अशी ओळख ठेवणारे लोक झाले. विष्णुदास भावे यांनी लाकडी बाहुल्या घडविल्या होत्या. दीर्घकाळ पडून राहिलेल्या त्या बाहुल्या पुढे रामदास पाध्ये यांनी दुरुस्त केल्या आणि त्यांच्याकडून पुन्हा 'सीतास्वयंवर' करवून घेतले. पुण्यात 'प्रभात'च्या जुन्या आवारात, जेथे १९६० साली चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, तेथे 'प्रभात'च्या काळातील वेश व सामान जपलेले आहे. मुंबईत १९ जानेवारी २०१९ रोजी भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. हे सगळे चांगलेच आहे. मात्र सर्व काही पुण्या-मुंबईलाच जावे, हे बरे नव्हे. ज्या गावी पहिला मराठी पडदा सरकला, त्या गावच्या मुलाला मोरावरची सरस्वती कशी सजत असे हे पाहण्यासाठी मुंबईचे तिकीट काढावे लागू नये. विष्णुदासांच्या नावाचे नाट्यगृह सांगलीत आहेच. त्याच्या छायेत अशा वस्तूंसाठी एक प्रशस्त, कोरडे, पुराच्या पाण्यापासून उंचावर असलेले दालन शोभून दिसेल. आणि तेथील प्रत्येक वस्तूखाली नटाच्या नावाबरोबर ती घडविणाऱ्या शिंप्याचे, सुताराचे, रंगाऱ्याचे नाव लिहिलेले असावे. नटाचे नाव जाहिरातीत येते. शिंप्याचे नाव यावयास दुसरी जागा नाही.

दालन होईल तेव्हा होईल. तोपर्यंत सातारा-सांगलीकडील कित्येक घरांच्या माळ्यावर जुन्या ट्रंका आहेत. कोणाचे पणजोबा गावच्या जत्रेत नारदाचे काम करीत, कोणाच्या आजोबांनी शाळेच्या संमेलनासाठी रावणाची दहा तोंडे केली होती. दिवाळीच्या साफसफाईत अशी ट्रंक रद्दीवाल्याकडे निघाली, तर घरातील मुलांनी ती जरा थांबवावी आणि आजोबांना दोन प्रश्न विचारावेत: हे कोणी केले, आणि कोणत्या खेळासाठी केले? उत्तर पेन्सिलीने एका चिठ्ठीवर लिहावे, कारण शाई ओलीने पसरते. चिठ्ठी सुती दोऱ्याने वस्तूला सैल बांधावी. डिंकाने मात्र चिकटवू नये. डिंकामुळे कापडाला डाग पडतात व झुरळे लागतात.