मूळ संख्येचे शेजारी

मोठ्या मूळ संख्येच्या शोधाची चर्चा बहुधा अंकांच्या मोजदादीत संपते. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या मूळ असल्याचे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हाही बहुतेकांच्या लक्षात राहिली ती तिची लांबीच. क्रिप्टोग्राफीच्या, म्हणजे माहिती गुप्त राखण्याच्या शास्त्राच्या अभ्यासकाला मात्र संख्येच्या आकाराइतकेच तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्येचे अवयव महत्त्वाचे असतात.

२ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या या दृष्टीने फार बोलकी आहे. एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये ती मूळ असल्याचे दाखवले आणि १९५१ पर्यंत तीच सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. लेमर यांनी १९३० मध्ये सुटसुटीत केलेल्या कसोटीनुसार ४ पासून आरंभ करून प्रत्येक पायरीला वर्गातून २ वजा करायचे, दिलेल्या संख्येने भागून उरलेली बाकी पुढे न्यायची, आणि १२५ व्या पायरीला बाकी शून्य आली तरच संख्या मूळ मानायची. ३१ साठी हेच तीन पायऱ्यांत होते: ४ वरून १४, मग १९४ ची बाकी ८, आणि ८ च्या वर्गातून २ वजा केल्यावर ६२, ज्याला ३१ ने निःशेष भाग जातो. ही कसोटी चालते, कारण संख्येत १ मिळवला की २ चा निव्वळ घात हाती येतो; पलीकडच्या शेजाऱ्याचे सर्व अवयव आधीच ठाऊक असतात.

अलीकडचा शेजारी तितकाच उघडा आहे, आणि धोका तिथेच आहे. १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचे अवयव लहान असून त्यांतील सर्वांत मोठा मूळ अवयव ७७,१५,८६,७३,९२९ आहे. डिस्क्रीट लॉगरिदम, म्हणजे बाकीवरून मूळ घातांक शोधण्याचा प्रश्न, पोलिग-हेलमन पद्धतीने या अवयवांत विभागता येतो, आणि सर्वांत अवघड तुकड्यालाही पावणेतीन लाखांच्या आसपास पायऱ्या पुरतात. १२७ बिटांचा आकार आज अपुरा आहेच. पण आकार वाढवूनही शेजारी असाच राहिला, तर या पद्धतीपुढे संरक्षण तोकडेच पडते.

याच संख्येवर २०१५ मध्ये फोरक्यू हा लंबवर्तुळी वक्र उभारला गेला, यात विसंगती नाही. तिथे सुरक्षितता वक्रावरील बिंदूंच्या संख्येवर ठरते, आणि १२७ व्या बिटापलीकडचा भाग खालच्या भागात मिळवला की बाकी जवळजवळ हाती येते, हा वेगाचा लाभ मात्र मिळतो.

मूळ संख्येवर आधारित प्रणाली मांडणाऱ्या लेखकांनी म्हणूनच बिटांच्या संख्येबरोबर दोन्ही शेजाऱ्यांचे ज्ञात अवयवही लेखात द्यावेत.