विश्लेषण : शेती यंत्रे स्वस्त झाली, पण डोंगरातल्या खाचरापर्यंत ती पोहोचणार कशी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि इतर शेती यंत्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. १३ अश्वशक्तीचा पॉवर टिलर जवळपास १२ हजार रुपयांनी स्वस्त होईल, असा हिशेब तेव्हा केंद्र सरकारने मांडला होता. हिशेब बरोबर आहे. पण कोकणात किंवा घाटमाथ्यावर अर्धा एकर भात लावणाऱ्याची अडचण किमतीच्या आधीच सुरू होते.

ट्रॅक्टर का चालत नाही?

भाताची खाचरे उतारावर पायऱ्यांसारखी रचलेली असतात. अनेकांची रुंदी जेमतेम तीन-चार मीटर. ४५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर भरतो साधारण दोन टन आणि त्याला वळायलाच याहून जास्त जागा लागते. त्याच्या वजनाने बांध ढासळतो. एक चाक बांधावर चढले, गुरुत्वमध्याची रेषा चाकांच्या बाहेर गेली, की तो उलटतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचाच हा धडा, फक्त इथे चुकले तर जीव जातो.

बैलजोडी वर्षभर पोसायची आणि जुंपायची पावसाळ्यातले मोजके दिवस. तेही आता परवडत नाही.

टिलर घ्यावा की वीडर?

दोन्ही यंत्रांमागे माणूस चालतो, म्हणून ती सारखीच वाटतात. तशी ती नाहीत. मोठा डिझेल पॉवर टिलर चारशे किलोच्या आसपास असतो. लोखंडी चाके लावली की चिखलणी उत्तम करतो, पण वरच्या खाचरात चढवायला फळ्या आणि चार-पाच माणसे हवीत. पेट्रोलवरचा छोटा पॉवर वीडर दोघे-तिघे उचलून नेतात. त्याची फिरती पातीच माती खणत यंत्राला पुढे ओढतात. भाजीपाला, काजू-आंब्याची आळी, कोरडे रान यांसाठी तो चांगला, खोल चिखलात मात्र रुततो.

बांधाच्या कडेला यंत्र मागे घेताना पाती फिरत असतील, तर पाय सापडू शकतो. दांडा सोडताच पाती थांबतात का, हे पैसे देण्याआधी चालवून पाहावे.

अनुदान आहे, मग अडते कुठे?

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते. त्याला कमाल मर्यादा आहे. महाडीबीटीवर अर्ज, पूर्वसंमती, मग खरेदी आणि शेवटी खात्यात पैसे, असा हा क्रम. म्हणजे करासह पावणेदोन लाखांच्या पुढे जाणाऱ्या टिलरची पूर्ण रक्कम आधी शेतकऱ्यानेच उभी करायची. सातबाऱ्यावर भावकीची दहा-बारा नावे असली, तर त्या जमिनीवर कर्ज मिळणेही अवघड.

शिवाय अर्धा एकरवाल्याचे यंत्र वर्षात चालणार किती दिवस?

भाड्याने घेतले तर?

हाच खरा मार्ग. अवजारे बँकांनाही सरकार अनुदान देते. गोम अशी, की पाऊस लागला आणि रोपे तयार झाली की चिखलणी सगळ्यांना एकाच आठवड्यात हवी असते. बँक तालुक्याच्या गावी असेल, तर टेम्पोचे भाडेच टिलरच्या भाड्यावर जाते. नंबर लागेपर्यंत रोप जून होते. रोप जून झाले, की फुटवे कमी आणि उत्पन्नही कमी.

म्हणून अवजारे बँक तालुक्याऐवजी वाडीपाशी हवी. चार-पाच घरांत एक टिलर, ठरलेले ताशी भाडे आणि तो चालवणारा वाडीतलाच एखादा तरुण. डोंगरी भागासाठी निकष ठरवताना अश्वशक्तीइतकेच वजनही मोजले पाहिजे. आणि दुरुस्तीही. जुलैत पट्टा तुटला आणि सुटा भाग जिल्ह्याच्या गावाहून यायचा असेल, तर अनुदानातला टिलर अंगणात आणि माणसे पुन्हा कुदळ घेऊन चिखलात.