आधी दवाखाना, मग बैठक

मी कॅज्युअल्टीत नर्स होते तेव्हाची गोष्ट. अत्याचार झालेली एक मुलगी आईसोबत आली. "आधी पोलिसांचं पत्र आणा," म्हणून तिला परत पाठवलं. मी गप्प राहिले. ते गप्प राहणं आजही टोचतं.

भगिनींनो, असं पत्र लागत नाही. दवाखाना सरकारी असो वा खाजगी, बलात्कारपीडितेवर ताबडतोब आणि मोफत उपचार करणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९७ नुसार बंधनकारक आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो. पण तपासणीला संमती तिचीच लागते. तपासणी नाकारली तरी उपचार नाकारता येत नाहीत.

एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. गर्भ राहू नये म्हणून घ्यायची गोळीही जितकी लवकर तितकी बरी. शक्य असेल तर आधी आंघोळ करू नये, अंगावरचे कपडे कागदी पिशवीत ठेवावेत. आंघोळ झाली असली तरी जावंच.

आपल्या वस्तीत मात्र आधी बैठक बसते. "समाजाचं नाव जाईल," म्हणता म्हणता तेच ७२ तास निघून जातात. गुन्हेगार बाहेरचा असेल तर मोर्चा आणि आपल्यातला असेल तर समझोता, हा कुठला न्याय?

"तू तिथं गेलीसच कशाला?" असं तिला विचारू नका. "चल, मी येते सोबत," एवढंच म्हणा. कुणीच सोबत नसेल, तर ११२ किंवा १८१ लावा.